ताशी पंधराच्या वेगाने

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये ‘ब्रेव्हे’ नावाचा एक प्रकार आहे. पॅरिसच्या ओडॅक्स क्लबने घालून दिलेल्या नियमांनुसार तो जगभर चालतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर २० तासांत, ४०० किलोमीटर २७ तासांत आणि ६०० किलोमीटर ४० तासांत संपवायचे. घड्याळ एकदा सुरू झालं की थांबत नाही. पंक्चर, जेवण, डुलकी, सगळं त्यातच. पहिल्या आलेल्याला बक्षीस नाही आणि शेवटच्याला कोणी हिणवत नाही. भागाकार केला तर ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपासचा वेग निघतो, म्हणजे भाजी आणायला निघालेला माणूसही सहज गाठेल असा. १८९१ साली सुरू झालेल्या आणि आता दर चार वर्षांनी होणाऱ्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या १२०० किलोमीटरच्या फेरीला ९० तास मिळतात. तिथे तर सरासरी आणखी खाली येते. आपल्याकडे हा छंद बातम्यांतून पोहोचला तो विक्रमांच्या रूपाने. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये दोघांचा संघ करून ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत पूर्ण केली, २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली, आणि मराठी वृत्तपत्रांतून जिद्द, इच्छाशक्ती, वेदनेवर मात हे शब्द सायकलला चिकटले. कौतुक रास्तच आहे. पण त्यातून असा समज पसरला की लांब सायकल चालवणं म्हणजे शरीराला छळणं, आणि माणूस बदलतो तो त्या छळातून. पुरावा वेगळं सांगतो. मध्यम श्रम, तासन्‌तास, आणि पुन्हापुन्हा करता येण्यासारखे, हेच या बदलाचं खरं कारण आहे. शरीर जे शिकतं आणि मन जे शिकतं ते एकाच जातीचं असतं: जपून खर्च करणं आणि उरलेल्याचा नीट अंदाज घेणं.

आधी इंधनाचा हिशेब मांडू. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगाने जाणारा सायकलस्वार पॅडलवर साधारण शंभर वॅट शक्ती लावतो असं धरा. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा पॅडलपर्यंत पोहोचतो, बाकीची उष्णता होऊन जाते. म्हणजे तासाला सुमारे ४०० किलोकॅलरी, आणि दहा तासांना ४,०००. आता शिल्लक पाहू. स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम आणि यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर असते. तिची किंमत २,००० किलोकॅलरी. याउलट अंगावरच्या दहा किलो चरबीत ७०,००० हून अधिक किलोकॅलरी पडून असतात. ग्लायकोजेन ही खिशातली रोख आणि चरबी ही मुदत ठेव. रोख पटकन हाताशी येते, पण पटकन संपते. ठेव अफाट आहे, पण मोडायला वेळ लागतो. जोरात पॅडल मारलं की शरीर रोख उधळतं, सावकाश मारलं की ठेवीवर भागवतं. नवा सायकलस्वार पहिल्या चाळीस किलोमीटरमध्ये ग्रुपबरोबर उत्साहाने पळतो आणि दुपारी कुठल्यातरी साध्या चढावर त्याचे पाय अचानक शिशाचे होतात, हात थरथरतात, डोळ्यांत पाणी येतं, विनाकारण चिडचिड होते. सायकलवाले याला ‘बाँक झाला’ म्हणतात. फुप्फुसं ठीक असतात, हृदय ठीक असतं, ठेवही शाबूत असते. रोख संपलेली असते, आणि मेंदू तर साखरेवरच चालणारा. तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जात राहावीत हा सल्ला यातून आला. दोन केळी आणि एक राजगिऱ्याचा लाडू एवढ्यानेही तो बऱ्यापैकी पाळता येतो. महागड्या जेलच्या पुड्या लागतातच असं नाही.

नियमित सायकलिंगने हा हिशेब बदलतो, आणि तो नेमका कुठे बदलतो हे एका देखण्या प्रयोगाने दाखवून दिलं. १९६६ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामासाठी योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हल्टमन हे दोन स्वीडिश संशोधक स्वतःच सायकलवर बसले. एकाच स्थिर सायकलच्या दोन बाजूंना दोघे, आणि प्रत्येकाने फक्त एक पाय चालवायचा. पाय पूर्ण थकेपर्यंत पॅडल मारायचं, मग मांडीत जाड सुई घालून स्नायूचा कणभर तुकडा काढायचा. चाललेल्या पायातलं ग्लायकोजेन जवळपास संपलेलं होतं, दुसऱ्या पायातलं जसंच्या तसं. पुढचे तीन दिवस दोघांनी भरपूर कर्बोदकं खाल्ली आणि रोज दोन्ही पायांचे नमुने घेतले. थकलेल्या पायात ग्लायकोजेन नुसतं भरून आलं नाही, ते आरामात असलेल्या पायाच्या दुपटीवर गेलं. माणूस तोच, जेवण तेच, रक्त तेच. फरक फक्त कोणत्या पायाने काम केलं एवढाच. पुढच्याच वर्षी अमेरिकेत जॉन होलोझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवून दाखवलं की त्यांच्या पायांच्या स्नायूंतली मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या ज्या भट्ट्यांत प्राणवायूच्या मदतीने इंधन जाळलं जातं त्यांची, क्षमता जवळजवळ दुप्पट झाली. भट्ट्या वाढल्या, त्यांच्यापर्यंत रक्त आणणाऱ्या केशवाहिन्यांचं जाळं दाट झालं, की त्याच वेगाला चरबी जास्त जळते आणि साखर कमी. सहा महिने नेमाने सायकल चालवणारा पन्नास किलोमीटरवर ‘मला काहीच झालं नाही’ म्हणतो, त्यात सहनशक्तीचा भाग असेल, पण मोठा भाग असा की त्याची रोख अजून खिशातच आहे.

हृदयाचा बदल याच वळणाचा. सर्वसाधारण प्रौढाचं हृदय विश्रांतीत मिनिटाला सत्तरेक ठोके देतं आणि प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. गुणाकार पाच लिटरच्या जवळ जातो. सरावलेल्या सायकलपटूचं हृदय एका ठोक्याला १०० मिलिलिटर ढकलतं आणि पन्नास ठोक्यांत तेच पाच लिटर पुरवतं. यातला पहिला टप्पा लवकर येतो: सरावाच्या पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, हृदय जास्त भरतं, घामही लवकर आणि भरपूर येऊ लागतो. हृदयाचा डावा कप्पा मोठा होण्याचं काम मात्र महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं चालतं. वजन उचलणाऱ्याच्या हृदयाला थोड्या वेळात प्रचंड दाबाशी झुंजावं लागतं. सायकलस्वाराच्या हृदयाला भरपूर रक्त खूप वेळ हाताळावं लागतं, आणि ते त्या कामाला साजेसं घडतं. इथे सायकलचा एक गुण कामी येतो. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट दणका बसतो, आणि मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावतात. त्यानेच दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पॅडल मारताना स्नायू जवळपास फक्त आखडून जोर लावतात आणि वजन सीटवर टेकलेलं असतं. म्हणून बेताच्या तयारीचा माणूसही पाच-सहा तास सायकल चालवू शकतो आणि एक दिवसाआड पुन्हा निघू शकतो. पाच तास धावणं मात्र भल्याभल्यांना झेपत नाही. सायकलला सोपा व्यायाम म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: सोपा आहे म्हणूनच तो लांबवता येतो, आणि मायटोकॉन्ड्रिया व केशवाहिन्यांना हवा असतो तो हा वेळच.

आपल्या लोकांच्या दृष्टीने यातला सर्वांत मोलाचा बदल आरशात दिसत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांच्या ‘बारीक पण चरबीदार’ शरीरावर दीर्घकाळ संशोधन केलं आहे. २००४ मध्ये त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावतात आणि आपला व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळत जाणं, अशी कोपरखळीही याज्ञिकांनी त्यात स्वतःला मारून घेतली होती. वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या माणसाला चाळिशीत मधुमेह कसा होतो याचं बरंचसं उत्तर त्या दोन फोटोंत आहे. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर आत घेऊ शकतो, आणि रिकामी झालेली ग्लायकोजेनची कोठी भरेपर्यंत, म्हणजे पुढचा दिवस-दोन दिवस, तो इन्सुलिनलाही जास्त चांगला प्रतिसाद देतो. मांड्या आणि नितंब हे शरीरातले सर्वांत मोठे स्नायू. सायकल नेमके तेच तासन्‌तास राबवते. म्हणून पोट फार कमी झालं नाही तरी रक्ताचा अहवाल सुधारू शकतो. पण हा परिणाम दोन दिवसांत ओसरतो, आणि महिन्यातून एकदा केलेले दोनशे किलोमीटर इथे फारसे कामाचे नाहीत.

आता मनाकडे. लांब सायकलिंगने ‘मन खंबीर होतं’ हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की त्याचा अर्थ विचारायचं राहून जातं. वेल्समधल्या बँगर विद्यापीठात सामुएले मार्कोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सोळा जणांनी एकदा दीड तास संगणकावर लक्ष एकवटावं लागेल असं कंटाळवाणं काम केलं, आणि दुसऱ्या खेपेला तेवढाच वेळ साधे माहितीपट पाहिले. दोन्ही वेळा त्यानंतर स्थिर सायकलवर एका ठरलेल्या जड भाराला थकेपर्यंत पॅडल मारायचं होतं. माहितीपटानंतर ते सरासरी ७५४ सेकंद टिकले, डोकं शिणवल्यानंतर ६४०. पाय दोन्ही वेळा ताजेच होते. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट, यांत हा फरक समजावून सांगेल असं काही सापडलं नाही. वेगळी होती ती श्रमाची जाणीव. शिणलेल्या डोक्याला तोच भार पहिल्या मिनिटापासून जास्त जड वाटला आणि ‘आता बस’ची रेघ लवकर आली. पुढच्या वर्षीचा प्रयोग याहून गमतीचा. दहा धडधाकट खेळाडूंनी सरासरी २४२ वॅटच्या भाराला पॅडल मारत मारत हात टेकले. लगेच त्याच क्षणी त्यांना पाच सेकंद सर्व ताकदीने पॅडल मारायला सांगितलं, तर त्यांनी सरासरी ७३१ वॅट काढून दाखवले. ज्या पायांना २४२ वॅट ‘अशक्य’ झाले होते त्यांच्यातच तिप्पट शक्ती शिल्लक होती. मार्कोरांचा निष्कर्ष असा की माणूस थांबतो तो स्नायू संपल्यामुळे नव्हे, श्रम सोसण्याजोगे राहिले नाहीत असं ठरवल्यामुळे. काही शरीरशास्त्रज्ञांना हे मान्य नाही. पाच सेकंदांचा झटका स्नायूंतल्या वेगळ्या, तात्काळ इंधनावर निघतो, तो निघाला म्हणून दहा मिनिटांचा भार आणखी पेलता आला असता असं सिद्ध होत नाही, हे त्यांचं म्हणणं. आक्षेप वजनदार आहे, आणि ‘सगळं मनात असतं’ असं भाषणात ठोकून देणाऱ्यांनी तो मुळातून वाचावा. पण आक्षेप मान्य करूनही एवढं उरतंच की थकवा हा पायांतून येणारा साधा निरोप नाही. शरीराकडून येणाऱ्या अनेक खुणांवरून मेंदूने काढलेला तो अंदाज आहे.

या अंदाजाला फसवताही येतं. बर्मिंगहॅममध्ये २००४ मध्ये नऊ सायकलपटूंना सुमारे तासाभराची वेळेची चाचणी देताना मधूनमधून एक गोडसर नसलेलं कर्बोदकांचं द्रावण तोंडात खुळखुळवून थुंकून टाकायला सांगितलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी वेळ जवळजवळ तीन टक्क्यांनी सुधारली. याच गटाने ग्लुकोज थेट शिरेतून दिलं तेव्हा मात्र काहीच फरक पडला नव्हता. इंधन रक्तात पोहोचलं तर उपयोग नाही, नुसतं जिभेला कळलं तर उपयोग! मेंदू आगाऊ हिशेब करतो: खाणं येतंय, थोडं सैल सोडायला हरकत नाही. लांब पल्ल्याचा सराव झालेला सायकलस्वार नेमका इथे वेगळा पडतो. दुखणं त्याला कमी होतं असं नाही. कुठल्या दुखण्याला किती भाव द्यायचा हे त्याला कळतं. चौथ्या तासाला येणारी मरगळ भुकेची असते आणि खाल्ल्यावर वीस मिनिटांत जाते. पहाटे तीनची उदासी झोपेची असते आणि उजाडल्यावर जाते. मांडीची जळजळ चढ संपला की जाते. पण गुडघ्याच्या एका बिंदूवरची टोचणी जात नाही, वाढते, आणि तिच्यासाठी उतरून सीटची उंची पाहावी लागते. नवख्याला या चारही गोष्टी एकच वाटतात: ‘मला जमत नाहीये.’ खंबाटकीचा घाट चढताना जुना माणूस वर पाहत नाही, गिअर हलका करतो आणि श्वास मोजत राहतो. ती शूरपणाची मुद्रा नसते, शिल्लक पाहून घेतलेला निर्णय असतो. अंदाजाची ही दुरुस्ती पुनरावृत्तीतूनच होते, कारण मेंदूला भाकीत तपासायला निकाल लागतो, आणि तो दर खेपेला काही तासांनीच मिळतो. तासाभराच्या जिममध्ये ही सगळी वळणं येतच नाहीत.

मनःस्थितीबद्दल थोडं सावधपणे बोलायला हवं. लांब फेरीनंतरचा हलकेपणा एंडॉर्फिनमुळे येतो हे सर्वतोमुखी झालेलं उत्तर बहुधा अपुरं आहे. २००३ मध्ये पन्नास मिनिटं धावलेल्या किंवा सायकल चालवलेल्या तरुणांच्या रक्तात अॅनंडमाइड हे द्रव्य वाढलेलं आढळलं. शरीर स्वतःच तयार करत असलेलं, गांजातल्या द्रव्याच्या जातकुळीतलं हे रसायन, आणि त्याचं नाव संस्कृतातल्या ‘आनंद’वरून ठेवलेलं. २०२१ मध्ये जर्मनीत धावपटूंवर झालेल्या चाचणीत एंडॉर्फिनचा मार्ग औषधाने अडवला, तरी धावण्यातली आनंदाची धुंदी टिकून राहिली. नैराश्याच्या बाबतीत अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा १९९९ चा अभ्यास अजूनही भरवशाचा वाटतो: पन्नाशीपुढच्या १५६ नैराश्यग्रस्तांपैकी काहींना नियमित व्यायाम, काहींना सर्ट्रालिन हे औषध आणि काहींना दोन्ही दिलं, तेव्हा सोळा आठवड्यांनी तिन्ही गटांची सुधारणा सारखीच निघाली, औषधाचा परिणाम मात्र आधी दिसू लागला. यातून गोळ्या सोडून सायकल घ्या असा अर्थ काढणं घातक आहे. आणि त्या गटाला व्यायाम देखरेखीखाली, वेळ ठरवून मिळत होता हेही विसरू नये. कोणीतरी आपली वाट पाहतंय ही गोष्ट स्वतःच औषधासारखी काम करते. रविवारी पहाटे चौकात जमणाऱ्या सायकल ग्रुपचा निम्मा गुण कदाचित त्यातच असेल.

या सगळ्यावर सर्वांत खोल आक्षेप असा की गाडी उलटी जोडली आहे: जे मुळात निरोगी, सुस्थितीतले, हौशी असतात तेच सायकल घेतात, मग त्यांची प्रकृती चांगली दिसते यात नवल काय? कोपनहेगनच्या सुमारे ३०,००० लोकांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सायकलने कामावर न जाणाऱ्यांचा मृत्युदर जाणाऱ्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांच्या २०१७ च्या अभ्यासात सायकलने कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचा धोका ४१ टक्क्यांनी कमी आढळला. धूम्रपान, इतर व्यायाम यांसारख्या गोष्टींचा परिणाम आकडेमोडीने वजा करण्याचा प्रयत्न दोन्हीकडे केला आहे, पण अशी वजाबाकी कधीच पुरी होत नाही. ५५ ते ७९ वयाच्या १२५ ब्रिटिश हौशी सायकलस्वारांचा अभ्यासही याच अडचणीत सापडतो. त्यात प्रवेशाची अटच पुरुषांना साडेसहा तासांत १०० किलोमीटर आणि स्त्रियांना साडेपाच तासांत ६० किलोमीटर अशी होती. त्यांच्या स्नायूंचं वस्तुमान वयाबरोबर घटलेलं नव्हतं, आणि छातीतली थायमस ग्रंथी, जी विशीनंतर आक्रसत जाते, ती जवळपास तरुणांइतक्याच प्रमाणात नव्या रोगप्रतिकारक पेशी तयार करत होती. हे वाचून हरखायला होतं, तरी हे लोक निवडलेलेच होते. म्हणूनच त्या स्वीडिश जोडीच्या एका पायाचं महत्त्व मला या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा अधिक वाटतं. तिथे तुलना एकाच माणसाच्या दोन पायांत आहे. एक पाय श्रीमंत आणि दुसरा गरीब असण्याची सोय नाही. मृत्युदर किती टक्क्यांनी घटतो यावर वाद घालायला जागा आहे. स्नायू, हृदय आणि साखर यांच्यावर परिणाम होतो की नाही, यावर नाही.

दुसरा आक्षेप अतिरेकाचा, आणि तो बव्हंशी खरा आहे. स्वीडनच्या व्हासालोपेट या ९० किलोमीटरच्या बर्फावरच्या शर्यतीत भाग घेतलेल्या ५०,००० हून अधिक लोकांची पाहणी सांगते की जास्त वेळा आणि जास्त वेगाने शर्यत पुरी करणाऱ्यांत हृदयाच्या अनियमित ठोक्यांचं, विशेषतः एट्रियल फिब्रिलेशनचं, प्रमाण वाढतं. त्याच स्पर्धकांचा एकूण मृत्युदर मात्र सर्वसामान्य स्वीडिश लोकांपेक्षा बराच कमी आहे, म्हणजे सौदा एकंदरीत फायद्याचाच. पण वर्षानुवर्षं जोराने राबवलेल्या हृदयाला ही किंमत पडू शकते, आणि छातीत फडफड जाणवली तर ‘फिट माणसाला काय होतंय’ म्हणून दुर्लक्ष करू नये. झोपेचं प्रकरण मला याहून गंभीर वाटतं. सतरा ते एकोणीस तास जागा असलेला माणूस प्रतिक्रियेच्या चाचण्यांत थोडी दारू प्यायलेल्या माणसासारखा वागतो हे मोजलं गेलेलं आहे, आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हेत दुसऱ्या रात्री महामार्गाच्या कडेने जाणारा स्वार त्याच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. यात शरीराला काही नवं मिळत नाही. मिळायचं ते आधीच्या साध्या फेऱ्यांत मिळून गेलेलं असतं.

सायकल जे देत नाही तेही सांगितलं पाहिजे. हाडांना घट्ट राहायला दणके लागतात, आणि दणके नाहीत हाच तर सायकलचा गुण. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या एका अभ्यासात हौशी सायकलस्वार पुरुषांपैकी ६३ टक्क्यांच्या कण्यात किंवा खुब्यात हाडं विरळ होऊ लागल्याचं दिसलं. धावपटूंत हेच प्रमाण १९ टक्के होतं. गुडघ्याला वाचवणारी बैठक कण्याला उपाशी ठेवते. आठवड्यातून दोनदा वजनं, दोरीवरच्या उड्या, निदान जिने चढणं-उतरणं, हे चाळिशीनंतरच्या सायकलस्वाराने, आणि रजोनिवृत्तीच्या आसपासच्या स्त्रियांनी तर नक्कीच, सायकलच्याच वेळापत्रकात बसवायला हवं. करंगळी आणि अनामिका बधिर होणं हे हँडलवर मनगट रेलून तळव्यातली नस दाबली गेल्याचं लक्षण. जांघेतला बधिरपणा सीटचा कोन किंवा रुंदी चुकल्याचं. दोन्ही सोसायच्या गोष्टी नाहीत, पाना घेऊन सोडवायच्या आहेत. उरला धूर. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या गणितानुसार हवेतल्या सूक्ष्म कणांची वर्षभराची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असेल, तर रोज दीड तासाच्या पुढे सायकल चालवण्यात तोटा फायद्याहून मोठा होतो. जगातल्या बहुतेक शहरांत ती याहून बरीच कमी असते. मात्र आपल्याकडे थंडीत पहाटे धुरकं जमिनीलगत बसलेलं असतं, आणि आरोग्यासाठी म्हणून पाच वाजता शहरातून निघणारे त्यातूनच जातात. तासभर उशिरा निघणं किंवा पहिले दहा किलोमीटर मोठा रस्ता टाळणं, एवढ्यानेही फरक पडतो. अपघाताला मात्र असा उपाय नाही. दिवे, आरसा आणि परावर्तक जॅकेट धोका कमी करतात, रस्ता सुरक्षित करत नाहीत.

आणि कमावलेलं टिकतं किती? अमेरिकी संशोधक एडवर्ड कॉइल यांनी १९८४ मध्ये कसलेल्या खेळाडूंना सराव पूर्ण थांबवायला लावून मोजलं: पहिल्या तीन आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता ७ टक्क्यांनी घसरली आणि पुढे १६ टक्के खाली जाऊन स्थिरावली. सर्वांत आधी येणारं रक्तातलं द्रव सर्वांत आधी जातं. पावसाळ्यात दोन महिने सायकल भिंतीला टेकवून ठेवणाऱ्याला दिवाळीआधीच्या पहिल्या घाटात जी धाप लागते ती वयाची नसते. वय आणि बैठेपणा यांच्यातला फरक डॅलसमध्ये अगदी लख्ख मोजला गेला आहे. १९६६ मध्ये तिथे विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवलं, आणि त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता पाव भागाहून अधिक घटली. तीस वर्षांनी, १९९६ मध्ये, तेच पाच जण पुन्हा प्रयोगशाळेत आले, वजन वाढलेले, पन्नाशीचे. तीस वर्षांच्या वयाने त्यांचं जेवढं नुकसान केलं होतं ते विशीतल्या त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणापेक्षा कमी निघालं. मग त्यांना सहा महिने चालणं, हलकं धावणं आणि स्थिर सायकल असा बेताबेताने वाढवत नेलेला सराव दिला. तोही जोराचा नव्हता, तासांचा होता. अखेरीस त्यांची क्षमता विशीत, प्रयोग सुरू होण्याआधी, होती तिथे परत आली. विशीत अंथरुणातून उठल्यावर दिलेल्या कडक सरावाने त्यांनी जी उंची गाठली होती, तिथपर्यंत मात्र पाचांपैकी एकही पोहोचला नाही.